कोपऱ्यातला ठिपका

दुपारची जेवणं उरकून तिघं टीव्हीसमोर बसली होती. जुना, काळा-पांढरा सिनेमा. नायिकेचा लग्नाआधीचा प्रियकर अचानक दारात येऊन उभा राहिलेला, आणि ती बया नवऱ्यापासून ते लपवायला थापांवर थापा मारत सुटलेली.

"सांगून टाकायचं ना सरळ नवऱ्याला!" सून म्हणाली.

"सांगितलं तर सिनेमा दहा मिनिटांत आटपेल," सासूबाई म्हणाल्या. "मग तू भांडी घासायला उठणार आहेस होय?"

सासरे हसले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, संत्रंसुद्धा एकेक शीर काढून सोलत होता.

पडद्यावर पिस्तूल निघालं. वर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून गेला.

"चेंज," सासूबाई पुटपुटल्या.

"काय?"

"तो ठिपका गं. रीळ संपत आलं, दुसरं मशीन चालू कर, अशी थिएटरातल्या ऑपरेटरला खूण असते ती." बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"अगंबाई! तुम्हाला हो कसं माहीत?"

लग्नाआधी एका ऑपरेटरच्या खोलीत, त्याच्या स्टुलावर बसून सासूबाईंनी कितीतरी सिनेमे बघितले होते. या घरात त्यांनी ते कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. अख्ख्या घराला धाकात ठेवणारी बाई आता खाली पडलेल्या साली वेचू लागली.

"मीच सांगितलं होतं तिला," सासरे म्हणाले. "जा, सालांना एक ताटली आण."

सून आत गेली. सासूबाईंनी आवाज खाली आणला.

"तुम्ही कधी सांगितलंत? तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

"नव्हतंच. लग्नानंतर पहिल्या सिनेमाला गेलो, तर तू आपली सारखी त्या कोपऱ्याकडे बघतेयस, ओठ हलवत. दुसऱ्या दिवशी जाऊन ऑपरेटरलाच विचारलं, तिथे काय असतं म्हणून."

"कुठल्या ऑपरेटरला?"

"त्यालाच. बरा वाटला माणूस. चहा पाजला मला."

"आणि इतकी वर्षं तोंडातून अवाक्षर नाही?"

"बोललो असतो, तर सिनेमा दहा मिनिटांत आटपला असता."

"मेलं लक्षण," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली फोड स्वतःच उचलून तोंडात टाकली.

सून ताटली घेऊन आली. नायिकेच्या थापा संपता संपेनात. बऱ्याच वेळाने कोपऱ्यात पुन्हा ठिपका चमकला.

"चेंज," सासरे म्हणाले.