कार्दोची आघाडी

"निकाल ज्याला ठाऊक हाय त्यानं आत्ताच बाहेर व्हावं," चाँदभाईंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढत बजावलं. "मागनं भानगड नको."

दुकानात होते तिघंच. सायकलदुरुस्तीत केस पिकवलेले चाँदभाई, त्यांचे जुने दोस्त सुंदरराव मास्तर आणि शेजारचा हनुमान. हनुमान पुण्याच्या कंपनीत होता, सुट्टीवर आला होता. कुणीच उठलं नाही.

फ्रान्सची ती तीन आठवड्यांची सायकल शर्यत बीडमध्ये ऐन गिऱ्हाइकीच्या वेळेला रंगात यायची. वर सांजेची मगरिबची नमाज. म्हणून कालचा टप्पा आज दुपारी जेवणं उरकल्यावर दुकानातल्या टीव्हीवर बघायचा, ही इथली कैक वर्षांची रीत. तोवर निकाल कुणी काढायचा नाही, आणि काढलाच तर तोंड उघडायचं नाही. बीडमध्ये क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या खेळाचा निकाल आपणहून कुणाच्या कानावर पडेल, ही भीती खरं तर फुकटचीच. पण चाँदभाई नियमाचे पक्के. मास्तर त्यांच्याही वरचढ. चाँदभाईंची नजर जाऊ नये म्हणून आजचा पेपर ते चक्क बुडाखाली घेऊन बसले होते.

"चार दिवस कुठं गेलतास रे?" चाँदभाईंनी हनुमानला विचारलं.

हनुमाननं मास्तरांकडं पाहिलं. "पुण्याला, चाचा. काम लई हाय."

"शर्यत चालू असताना कसलं काम बे?"

शर्यत सुरू झाली. एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची पिवळी जर्सी कार्दोच्या अंगावर होती, अर्ध्या मिनिटाच्या आघाडीनं. मागं बेल्जियमचा ब्रेकल, वय तेवीस, मांड्या म्हणजे नुसते खांब. कार्दो छत्तिशीचा. दोनदा दुसरा आलेला, आणि यंदा शेवटची शर्यत म्हणून जाहीर करून बसलेला. सगळे त्याला म्हातारा म्हणत. ते चाँदभाईंना स्वतःला म्हटल्यासारखं झोंबायचं. या माणसानं एकदा, फक्त एकदा जिंकावं आणि आपण ते बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"ब्रेकल दमदार गडी हाय," मास्तर म्हणाले. "मला तर त्योच दिसतोय."

"दम काय चाटायचाय? घाटात डोकं लागतं. मांजरसुंब्याच्या घाटात सायकल शर्यतीला माझ्या पुढं पळालेले पैलवान मी वर रस्त्याच्या कडेला वकताना पाहिलेत."

बाहेरून एसटी गेली आणि शटरखालून धुरळा आत आला. चाँदभाईंनी फडक्यानं टीव्ही पुसला. "जुलै आला तरी फुफाटाच. यंदा बी पाऊस न्हाई."

"न्हाई खरा," मास्तर म्हणाले. बीडच्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

हनुमाननं शेतातून आणलेला हरभऱ्याचा डहाळा पुढं केला. घाटे सोलत, टरफलं खाली टाकत तिघं बघत राहिले. चढ लागला. चाँदभाई एकदम सावरून बसले.

"आता बघा, ब्रेकल त्या चर्चपाशी उसळी मारणार."

ब्रेकलनं चर्चपाशीच उसळी मारली.

"कार्दो लगेच मागं जाणार न्हाई. दम धरणार."

कार्दोनं दम धरला. चाँदभाईंची छाती फुगली. आज त्यांचा एकही अंदाज चुकत नव्हता. "आतली नस सापडली पाहिजे," ते म्हणाले.

"तुझी बातच वेगळी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी जांभई हातानं झाकली.

हनुमान मात्र चुळबुळत होता. शेवटी राहवलं नाही. "पण चाचा, कार्दो तर फुडच्या घाटात—"

"हनुमान!" मास्तरांचा आवाज वर्गातला होता. "नियम म्हणजे नियम."

चाँदभाईंच्या हातातला घाटा तसाच राहिला. पोराच्या चेहऱ्यावर काहीतरी वाईट होतं. रागवायचं सोडून ते हात जोडते झाले. "सांगू नको रे लेकरा. जे काय असंल ते मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

"त्याला काय ठाऊक असतंय?" मास्तर म्हणाले. "पुण्याचं पानी लागलंय, उगं फेकतंय."

हनुमाननं मान खाली घातली. "हां चाचा. उगंच बोललो."

शेवटच्या चढावर कार्दो एकेक पायडल मारत वर आला. हॅंडलवर पार वाकला, पण ब्रेकलला त्यानं गाठलंच. दोघं बरोबरीनं रेषेपार गेले. आघाडी शाबूत राहिली. चाँदभाईंनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, मग दोघांना धरून हलवलं. एवढा आनंद आपल्याला आयुष्यात कधी झाला होता, हे त्यांना आठवेना.

"उद्या एकच घाट राहिला, मास्तर! तेवढा काढला की जिंकलाच."

"काढंल की."

शटरखालून वाकून शाईस्ता आत आली. "अब्बा, चला. गोळी घ्यायचीय ना?"

लेकीचा हात धरून चाँदभाई निघाले. दारात थांबून त्यांनी बोट उगारलं. "माझ्याआधी बघू नका."

"तुझ्याबिगर कधी बघितलंय का?" मास्तर म्हणाले.

चाँदभाई खुशीत गेले. वळणापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते शाईस्ताला कार्दोनं दम कसा धरला ते सांगत होते. हनुमाननं टरफलं गोळा केली.

"उद्याचा टप्पा दाखवणार व्हय मास्तर?" त्यानं हळूच विचारलं. "त्यात तर कार्दो पडतो."

"उद्याचा कशाला? त्याला आजचं उद्या कुठं आठवतंय?" सुंदरराव म्हणाले. "आजचाच. जुलैपासून रोज हाच लावतोय."