कुणाची हरकत?

नानासोंची खुर्ची व्यासपीठावर नव्हती.

ते हॉलच्या दारातच थबकले. मागून येणारी भावकीही थबकली. नगरपंचायतीच्या या हॉलमध्ये सभा कसलीही असो, नानासो वर बसणार, पहिली शाल त्यांच्या खांद्यावर पडणार आणि मगच माईक चालू होणार, अशी रीत होती. ती कुणी घातली हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"आप्पासो, माझी खुर्ची कुठाय?"

नगरपंचायतीच्या समता समितीचे सचिव आप्पासो अध्यक्षबाईंकडे बघू लागले.

"तिसऱ्या रांगेत जागा आहे, नानासो," गुणमाला मगदूम म्हणाल्या. "समता समितीच्या सभेत एकट्यालाच शाल कशी द्यायची? आजपासून सत्कार बंद."

गुणमालाबाई सांगलीकडच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. गावात कुणाशी नातं नाही, म्हणून तर त्यांना अध्यक्ष नेमलं होतं. आता तेच सगळ्यांना जड जात होतं.

नानासो बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले. भावकी मात्र बसली, आणि निवांत बसली. कारण समितीचा नियम त्यांना पाठ होता: हजर असलेल्या एकानं जरी उभं राहून हरकत घेतली, तरी विषय पुढच्या सभेवर जातो. लेखी हरकत चालत नाही, निरोप चालत नाही. माणूसच उभा राहायला हवा. आणि माणसांची भावकीला काय कमी! या नियमाच्या जोरावर त्यांनी हॉलचा विषय दोनदा पुढं ढकलला होता. शिवाय सकाळीच नानासोंनी सांगितलं होतं, "काल बाईच्या दारात जाऊन समज देऊन आलोय."

विषय साधा होता. हॉल ज्यानं आधी मागितला त्याला मिळावा. आजवर नदीपलीकडच्या वस्तीनं तारीख मागितली, की ती नेमकी गेलेली असायची. कुणी नेली, हे विचारायची सोय नव्हती.

आधी नावाची चिठ्ठी दिलेल्या प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. वस्तीतल्या बनाबाईंचं नाव पुकारलं. त्या माईकपाशी आल्या आणि माईकपासून हातभर लांबच उभ्या राहिल्या.

"माझ्या पोरीचं लगीन ठरलंय," त्या म्हणाल्या. "पोरगा चांगला हाय, पोरीच्या पसंतीचा. पर त्येच्या घरचं म्हणत्यात, चार मानसांत उरकून टाकू, गाजावाजा नगं. मी म्हणलं, का? पोर काय मी चोरून आणलीया? गावच्या हॉलात, समद्यांम्होरं हुईल, न्हाईतर मोडलं म्हणून समजा. पोर माझ्याशी बोलायची बंद झालीया. लय जीव तुटतोय. पर मी बी हटणार न्हाई."

"मग रानात घाला की मांडव!" नानासोंचे चुलतभाऊ लालासाहेब बसल्या जागेवरून ओरडले. भावकी हसली.

"चिठ्ठीशिवाय बोलायचं नाही," गुणमालाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नानासो भिंत सोडून पुढं आले.

"मला बोलायचंय."

"चिठ्ठी दिलीय?"

"चिठ्ठी? मी?"

बायकांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. नानासोंचा चेहरा लाल झाला.

"चिठ्ठी नसेल तर खाली बसा," गुणमालाबाई म्हणाल्या. "नाहीतर बाहेर जा."

आप्पासोंनी डोळे मिटून घेतले.

"चला रं!" नानासो गरजले. "जितं मान न्हाई, तितं आमी न्हाई."

नानासो निघाले की भावकीतलं कुणी मागं राहत नाही. लग्नाची पंगत असो नाहीतर मयत. अख्ख्या रांगा उठल्या. एकटे लालासाहेब जरा घुटमळले.

"आवं नाना, हरकत तरी घेऊन—"

"माझा अपमान झाला आन् तुला हरकत सुचतीया? ऊठ!"

लालासाहेब उठले. बाहेर जीप चालूच होती. नानासोंचा मुलगा वीरधवल फौजेतून रजेवर आला होता, तो स्टिअरिंगवर बसून होता.

हॉल अर्धा रिकामा झाला. गुणमालाबाईंनी चष्मा सारखा केला.

"कुणाची हरकत?"

कुणी उठलं नाही.

"कुणाची हरकत?"

तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा पायऱ्यांवर पोचलेल्या लालासाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते माघारी धावले. दारात पोचले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. ठराव एकमतानं मंजूर झाला होता. बनाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या.

लोक पांगल्यावर आप्पासो म्हणाले, "मॅडम, ठराव झाला, पर मानूस दुखावला. शाल त्येंच्या घरी पोच करू का? माफी मागून टाकू."

"नियमात माफी नाही, आप्पासो," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडतंय तोच नानासो आले. एकटेच. आप्पासो खुर्चीतून उठून कपाटाच्या आडोशाला सरकले.

नानासोंनी दार लोटून घेतलं, गुणमालाबाईंपुढं दोन्ही हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लय झ्याक अपमान केलासा मॅडम, ठरल्यापेक्षा दोन शब्द जास्तीच, आता हॉलची पयली तारीख आमच्या वीरधवलच्या नावावर लिवा, बनाबाई विहीणबाईंची अट पुरी झाली."