डोक्यावरचं अंगण

बर्फ थांबून उजाडलं, तरी छतावर दगडी रूळ फिरल्याचा आवाज आला नाही. पिरोजनं वर पाहिलं. चुलीच्या बाजूला छतातून चिखल ठिबकत होता.

डोंगरउतारावरच्या त्या कुर्दी गावात खालच्या घराचं मातीचं छत म्हणजे वरच्या घराचं अंगण. बर्फ पडला, की वरच्यानं तो लोटायचा आणि रूळ फिरवून माती घट्ट दाबायची, ही तिथली रीत. कुरणावरून भांडण झाल्यापासून पिरोजनं वरच्या हफ्साशी अबोला धरला होता. हफ्साचा रूळ मात्र एकाही हिवाळ्यात चुकला नव्हता.

“मी जाते वर,” सून म्हणाली.

“तू चूल सांभाळ. भांडण माझं आहे.”

कमरेला शाल आवळून पिरोज पायऱ्या चढली. दार लोटून पाहते, तर हफ्सा तापानं फणफणलेली, अंगाचं मुटकुळं करून पडलेली. पिरोज तशीच बाहेर आली. तिनं अंगणातला बर्फ लोटला, रुळाची दोरी खांद्यावर घेतली आणि धापा टाकत ओढू लागली.

“डाव्या कोपऱ्यात मी नेहमी दोनदा फिरवते,” आतून क्षीण आवाज आला. “खाली तुझी चूल आहे.”