तंटा मिटलेला नाही

साहेब, तुम्ही माझ्या पोरीला आमच्याच सुतारखान्याच्या दारात उभं राहून नापास केलंत, आणि आत यायची तसदीही घेतली नाहीत. कॉलेजात तिने तंटे सोडवायचा जोडविषय घेतलाय. प्रात्यक्षिकाला तिने घरातलाच तंटा निवडला, माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा. तीन महिने ती आम्हाला समोरासमोर बसवायची, आणि आम्ही दोघं आपापलं गाऱ्हाणं तिलाच सांगून उठायचो.

तुम्ही तपासायला आलात तेव्हा आम्ही एका दरवाजावरून भांडत होतो.

"दादा, बिजागरी उलटी बसवलीस! डोळे आहेत की गोट्या?"

"मला शिकवतोस? तुझ्या हातात रंधा मी दिला!"

"आणि तेव्हापासून माझं डोकं खातोयस!"

तुम्ही वहीत लिहिलंत, 'तंटा मिटलेला नाही. नापास.' पोर भुशात बसून डोळे पुसत होती. तुम्हाला वाटलं, मार्क गेले म्हणून रडतेय.

साहेब, आई गेली तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही एकाच बाकावर काम करतोय आणि एकमेकांशी चकार शब्द बोललो नव्हतो. माप हवं असलं तरी फळीवर पेन्सिलीने लिहून पुढे सरकवायचो. त्या सकाळी तो मला अकरा वर्षांनी 'दादा' म्हणाला. तुमच्या विषयात याला किती मार्क असतात, ते मला लेखी कळवा.