महिंद्रा की स्वराज?

चिखलणीसाठी कुठला ट्रॅक्टर घ्यायचा, यावर माझ्या दोन मुलांचं दोन वर्षं एकमत झालं नाही. थोरला कमळाकर म्हणायचा, "महिंद्राच पायजे." धाकटा भावेश म्हणायचा, "नाय, स्वराजच. पनवेलला शोरूममदी चालवून बघितलाय मी."

शेवटी भातशेतीचे दोन भाग केले, मधोमध बांध घातला आणि दोघांनी आपापल्या पसंतीचा ट्रॅक्टर आणला. दोन्ही ट्रॅक्टरना मीच ओवाळलं.

यंदा दोन्ही ट्रॅक्टर अंगणात उभे आहेत, आणि चिखलणीला मी वरच्या पाड्यातून भाड्याची बैलजोडी बोलावली आहे.



बांधामुळे शेत इतकं अरुंद झालंय, की भावाच्या शेतात शिरल्याशिवाय एकाचाही ट्रॅक्टर वळत नाही.