डावरी गाठ

"मावशी, आई गेली. शुक्रवारी दफन झालं. आता कुणी येणार नाही," मी दारातूनच सांगितलं.

याच शेजारणीने खोटी साक्ष देऊन आईला चर्चच्या मंडळीतून काढायला लावलं होतं. पुढे ती आंधळी झाली, अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या पाठीच्या जखमा रोज आईच धुवायची. "प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलं, शेजारी निवडायला सांगितलंच नाही," म्हणायची.

"काहीतरीच बोलतेस. आत्ताच पट्टी बदलून गेली की," मावशी म्हणाली. "हात तेवढे गार होते."

मी तिला कुशीवर वळवलं. पट्टी कोरी होती. गाठ उलट्या बाजूने मारलेली, डावऱ्या आईची.

"म्हणाली, लेकीला पाठवते." मावशीने चाचपत माझं मनगट धरलं.

मला ते सोडवता आलं असतं.

"सकाळी किती वाजता येऊ?" मी विचारलं.