लख्ख चेहरा

दुरुस्तीवाल्या शौकतने लॅपटॉप उघडून जुना कॅमेरा काढला आणि कुमुदिनीबाईंचा जीव टांगणीला लागला.

"यांना काही होणार नाही ना रे?"

"काही नाही, मावशी. उलट इतके दिवस काकांना तुम्ही धुरकट दिसत होतात, आता लख्ख दिसाल."

नवा कॅमेरा बसला. पडदा उजळला आणि माधवराव डोळे चोळत समोर आले. मरणाआधी त्यांचं मन या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं होतं. आपण अजून दवाखान्यातच आहोत, ही त्यांची समजूत बाईंनी वर्षानुवर्षं जपली होती.

"कुमुद! किती दिवसांनी तुझा चेहरा नीट…"

त्यांचं हसू मावळलं. नजर वर सरकून तिच्या कपाळावर थांबली.

"कुमुद, तुझं कुंकू कुठंय?"